दुखण्याचा विमा आणि विमा एजंट

किन्हवलीसारख्या गावात विमा एजंट हा परका माणूस नसतो. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या या गावात आणि भोवतालच्या पाड्यांवर तो कोणाचा भाचा असतो, कोणाचा वर्गबंधू, कोणाचा व्याही. दवाखान्याचे खर्च हाताबाहेर चालले आहेत ही ओरड आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तो ती दारोदार ऐकतो, आणि दावा फेटाळला गेला तर शिव्याही पहिल्यांदा तोच खातो. तेव्हा आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेविषयी त्याला काय वाटते, याची दखल इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयास हवी असे आम्हांस वाटते. मात्र ती घेताना त्याचे कमिशन नजरेआड करून चालणार नाही.

ही सावधगिरी आम्ही इंग्लंडच्या इतिहासापासून शिकलो. 1911 साली लॉइड जॉर्ज यांनी कामगारांसाठी आजारपणाच्या सक्तीच्या विम्याचा कायदा आणला. त्या काळी तेथे हजारो एजंट दर आठवड्यास मजुरांच्या दारी जाऊन अंत्यविधीच्या विम्याचे पेनी गोळा करीत असत. सरकारने विधवांना व पोरक्या मुलांनाही वेतन द्यावे, असा मूळचा विचार होता. तसे झाले तर आपला धंदा बसेल, या धास्तीने कंपन्या आणि त्यांचे एजंट पार्लमेंटच्या सभासदांच्या मागे लागले आणि तो विचार सोडून द्यावा लागला. विधवांचे वेतन यावयास पुढे 1925 साल उजाडले! शिवाय त्याच कंपन्यांना संलग्न संस्था काढून नव्या योजनेचा कारभार पाहण्याची मुभा मिळाली, ती वेगळीच.

आपल्याकडे या प्रश्नाचा पद्धतशीर विचार केला तो प्रा. बी. पी. आडारकर यांनी. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा त्यांचा अहवाल 1944 सालचा. कापड, यंत्रकाम आणि खनिजे व धातू या तीन धंद्यांतील कामगारांपासून आरंभ करावा, अशी त्यांची सूचना होती. त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि 1952 च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. योजना चांगली, पण तिची हद्द कारखान्याच्या कुंपणापाशी संपली. आज मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा भाऊ, पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर, या योजनेखाली येतो; घरी भातशेती करणारा त्याचा सख्खा भाऊ येत नाही. दुखणे मात्र दोघांना सारखेच येते.

शेतकऱ्यापाशी विमा आला तो मरणाचा. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि 1 सप्टेंबरला महामंडळ अस्तित्वात आले. विमा खेड्यापर्यंत न्यावयाचा, हा त्यामागील एक हेतू होता. पुढे सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्या चार सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ बाजारात आणला तो 1986 साली. म्हणजे मेल्यावर पैसे देणारा विमा आणि जगण्यासाठी पैसे देणारा विमा यांत तीस वर्षांचे अंतर पडले. तोही इस्पितळात दाखल झालेल्यासाठी. तापाच्या गोळ्या, क्ष-किरण फोटो, मधुमेहाची दरमहाची औषधे, शहापूर-ठाणे जाण्यायेण्याचे भाडे हे सारे पूर्वीप्रमाणे रोग्याच्या पदरचेच राहिले. आमच्या भागातील एजंटांची पहिली तक्रार हीच आहे. ‘घर गळते ते थेंबाथेंबाने, आणि आम्ही विकतो छप्पर उडाल्याचा विमा,’ असे त्यांतील एकाने आम्हांस ऐकविले.

त्यांची दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. विमा बिल भरतो, बिलाला लगाम घालीत नाही. दाखल करून घेताना रोग्याला काय झाले याच्याआधी ‘रोख की विमा?’ हा प्रश्न येतो आणि पाच लाखांचा कागद दिसला की उपचारही त्या बेताने लांबत जातात, असे एजंट सांगतात. दाव्यांची रक्कम फुगते, पुढल्या वर्षी हप्ता चढतो. खाजगी शुश्रूषागृहांनी दरपत्रक दर्शनी लावावे, असा नियम महाराष्ट्रात 2021 साली झाला. पण दरपत्रक लावणे निराळे आणि दर बांधून देणे निराळे. सापाने चावलेल्या पोराला घेऊन आलेला बाप भिंतीवरचा तक्ता वाचीत उभा राहत नाही.

सरकारने स्वतः हप्ता भरून गरिबांचा विमा उतरविण्याचे ठरविले तेव्हा एजंटांनी नाके मुरडली, हे आम्हांला ठाऊक आहे. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचे रायगड होते, ठाणे नव्हते. ठाण्याला ती 2013 च्या नोव्हेंबरात मिळाली. 2017 पासून तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. आता पाच लाखांपर्यंतचे छत्र राज्यातील सर्व कुटुंबांना आहे. ‘फुकट मिळते तर तुमची पॉलिसी कशाला?’ हा प्रश्न त्यानंतर एजंटांना घरोघर ऐकावा लागला. 1911 च्या इंग्रज एजंटांची भीती ती हीच! त्यांचे म्हणणे असे की योजनेत ठराविक उपचार आणि ठराविक रुग्णालयेच येतात. ते खरे आहे. पण ते सांगताना आपला माल खपावा ही इच्छाही त्यात असते.

तरी एका बाबतीत आम्ही निःशंकपणे एजंटांच्या बाजूचे आहोत. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर 2017 पासून अठरा टक्के कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो उठला. गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला, पण कराची वजावट गेल्याने पडलेली तूट काही कंपन्यांनी एजंटांच्या कमिशनातून भरून काढली. आणि कर गेला तरी वयाबरोबर चढणारा हप्ता चढतोच आहे. 2024 पासून वयाच्या पासष्टीनंतरही नवा विमा घेता येतो, जुन्या आजारासाठीची कमाल मुदत चार वर्षांची तीन झाली. या सुधारणा एजंट मनापासून वाखाणतात. मग ते आपली वही उघडतात. पंचेचाळिसाव्या वर्षी विमा घेतलेला, पंधरा वर्षे नेमाने हप्ता भरलेला, एकदाही दावा न केलेला शेतकरी साठीला पोहोचतो. त्या वर्षीचा हप्ता भाताच्या पैशांत बसत नाही, आणि तो विमा सोडून देतो. अशी नावे वहीत तांबड्या शाईने खोडलेली आहेत. आम्ही पाहिलेल्या एका वहीच्या एकाच पानावर ती सात होती.