पलटणीचे दफ्तर

पायदळाच्या एका पलटणीत साडेसातशे-आठशे माणसे असतात. लढाईच्या दिवशी ती काय करतात, हे पुष्कळांनी लिहिले आहे. पण लढाईचे दिवस थोडे. एरवी त्यांना काय खायला मिळते, आजारी कोण, रजेवर कोण, मेलेल्याच्या जागी कोण आले, पगारातला हिस्सा गावी कोणाच्या हाती पडला, याचा हिशेब पलटणीच्या दफ्तरात चालतो. शिपायाचे मनोधैर्य मुख्यत्वे या हिशेबावर तोललेले असते, असे आम्हा अभ्यासकांचे मत आहे. विषय रुक्ष वाटेल, हे मान्य. तरी दोन-तीन उदाहरणे होईपर्यंत वाचकांनी थांबावे, अशी विनंती आहे.

पहिले उदाहरण घरचेच. १९१५ च्या डिसेंबरात टायग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांची सहावी, म्हणजेच पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली, तोवर वेढा उठला नाही. धान्य आटू लागले तेव्हा घोड्यांचे मांस शिध्यात आले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. बहुतेक हिंदी शिपायांनी नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची अनुमती बिनतारी संदेशाने मागवली गेली, तरी नकार कायम राहिला. शास्त्रापेक्षा गावाचा धाक मोठा होता. परत गेल्यावर भाऊबंद पंगतीला बसवतील का, घरातल्या मुलींची लग्ने जमतील का, हे प्रश्न बिनतारी संदेशाने सुटणारे नव्हते. एप्रिलमध्ये अनेकांनी मांस घेतले, पण फार उशीर झाला होता. हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरली होती, तर गोऱ्यांना बेरीबेरी झाली होती. वेढा एकच, शिधा वेगळा, म्हणून आजारही वेगळा. ‘सैन्याचा धीर खचला’ एवढ्या एका वाक्यात हा प्रसंग उरकणारे ग्रंथ आहेत. आपण त्यांच्यापाशी थांबू नये.

फ्रान्समध्ये १९१४-१५ साली वेगळीच अडचण उभी राहिली. कंपन्या जातवार आणि प्रांतवार बांधलेल्या, त्यामुळे पडलेल्या माणसाच्या जागी त्याच समाजाचा माणूस हवा. राखीव दल अपुरे होते आणि त्यातले कित्येक वयाने थकलेले. मग दुसऱ्या पलटणींतून माणसे तोडून आणली गेली. शिपायांची भाषा आणि घरची हकिगत जाणणारे अधिकारीही पहिल्या काही महिन्यांतच मोठ्या संख्येने पडले. अनोळखी अधिकारी आणि अनोळखी सोबती यांच्यामध्ये खंदकात उभे राहणे कसे असेल, याची कल्पना वाचकांनी करून पाहावी. नव्या कुमकेचा हा प्रश्न मिटायला बराच काळ गेला. १९४३ मध्ये पायदळाच्या दुखण्यांवर समिती नेमली गेली आणि १४ व ३९ या दोन डिव्हिजन केवळ प्रशिक्षणासाठी राखल्या गेल्या, तेव्हा कुठे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कच्ची माणसे धाडणे कमी झाले.

त्याच आघाडीवर चौदाव्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनी नोंदवले आहे की, १९४३ मध्ये एका जखमीमागे १२० आजारी माणसे मागे पाठवावी लागत होती. मलेरियावर मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण त्यांनी पुरुषत्व जाते अशी अफवा असल्याने शिपाई त्या टाळत. स्लिम यांनी अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या आणि गोळी घेणारे ९५ टक्क्यांहून कमी निघाले, तर पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरलाच घरी बसवले. तिघांना काढावे लागले, एवढ्यावर भागले. जबाबदारी शिपायावर न टाकता वर ढकलण्याची ही रीत आजच्या कचेऱ्यांनाही मानवणारी नाही!

नव्या अभ्यासकाने सुरुवात युद्धडायरीपासून करावी. मोहिमेवरच्या प्रत्येक पलटणीला ती ठेवावीच लागे. मात्र तिच्यातला ‘मनोधैर्य उत्तम’ हा शेरा वरिष्ठांसाठी लिहिलेला असतो, हे ध्यानात असू द्यावे. त्याऐवजी जोडपत्रे पाहावीत: हजर माणसांचा आकडा, जखमींच्या याद्या, नव्या कुमकेच्या तारखा. नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारा पराक्रम आपण जाणतो. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे शिपाई, होते. त्या कंपनीत त्या महिन्यात कोण उरले होते, हेही तितकेच शोधण्याजोगे आहे.

डायरीच्या जोडीला पत्रे वाचावीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या टपाल-तपासनिसांनी हिंदी शिपायांच्या पत्रांतले उतारे इंग्रजीत काढून ठेवले. ही पत्रे मुख्यतः उत्तरेकडच्या शिपायांची आहेत आणि पुष्कळदा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. तपासनीस वाचतो हे ठाऊक असल्यामुळे शिपाई ‘काळी मिरी’, म्हणजे हिंदी शिपाई, संपत आली, असे लिहीत. अर्थ घरच्यांना कळे आणि तपासनिसालाही. १९४३ च्या महागाईत उलट दिशेने येणाऱ्या, घरच्या पत्रांनीच आघाडीवरचा शिपाई अस्वस्थ होई.

आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. दफ्तरात नाव लागण्याआधी भरतीच्या दारातून आत यावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांसाठी ते दार बंद झाले, १९१७ मध्ये १११ व्या पलटणीपुरते उघडले, युद्धानंतर पुन्हा मिटले आणि १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा परत उघडले.

आपल्या भागात काम सुरू करायचे असेल, तर कोकणात किंवा साताऱ्याकडे ‘१९१४-१९१९’ असे कोरलेली शिळा शोधा. या गावातून महायुद्धाला किती गेले आणि किती मेले, एवढेच बहुधा तिच्यावर असते; नावे नसतात. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांचे पलटणवार फक्त आकडे. त्या शिपायांची नावे छापील नोंदवह्यांत आहेत. गावच्या आकड्यापुढे ती एकेक करून लावणे, हे या क्षेत्रात येणाऱ्या कोणालाही पहिल्या दिवसापासून करता येण्याजोगे काम आहे.