मानवाकृती-अभ्यास : मुंबई आणि हैदराबाद

मानवाकृती-अभ्यास (लाइफ ड्रॉइंग) : समोरच्या जिवंत माणसाकडे पाहत त्याची आकृती रेखाटण्याचे शिक्षण. कलाशाळांच्या बोलीत नुसते ‘लाइफ’. हा वर्ग म्हणजे निर्वस्त्र मॉडेलचा वर्ग, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात मस्तकाभ्यास (हेड स्टडी), सवस्त्र पूर्णाकृती आणि नग्नाकृती हे तिन्ही त्यात येतात. छायाचित्रावरून किंवा आठवणीने केलेले काम यात धरत नाहीत.

पद्धत : युरोपीय कलाशाळांतला जुना क्रम ठरलेला होता. आधी छापील नमुन्यांच्या नकला, मग प्लास्टरचे पुतळे (अँटिक), आणि त्यात हात बसल्यावर जिवंत मॉडेल. पुतळा थकत नाही. मॉडेलचा खांदा मात्र वीस मिनिटांत हळूहळू खाली येतो, मान कलते, पोटरीचा ताण बदलतो. या हलत्या गोष्टीतून नेमके काय घ्यायचे ते ठरवणे, हेच या वर्गाचे खरे शिक्षण.

सुरुवात एक-दोन मिनिटांच्या पोजने होते. एवढ्या वेळात नाक-डोळे काढता येत नाहीत. शरीराचा झोक, कण्याचे वळण आणि भार कोणत्या पायावर आहे, एवढेच पकडायचे असते. भार एका पायावर आला की त्या बाजूचे कमरेचे हाड वर चढते, त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली झुकतो, आणि गळ्याच्या खाचेतून सोडलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पावलाजवळ येतो. भारतीय मूर्तिकारांनी त्रिभंगात हीच देहस्थिती शतकानुशतके हाताळली. नवशिक्याच्या चित्रात हा भार चुकतो आणि उभा माणूस पडायला आल्यासारखा दिसतो. छायाप्रकाश कितीही देखणा उतरला तरी ही चूक झाकली जात नाही.

पुढे दीर्घ पोज येते. ती अनेक बैठकांत चालते, म्हणून मॉडेलच्या पावलांभोवती खडूची खूण करतात. विश्रांतीनंतर त्याच जागी उभे राहता येते. विद्यार्थी हात ताणून पेन्सिलीवर अंतरे मोजतो. हात कोपरात वाकला की माप बिघडते. हात आणि कंबर यांच्यामधली मोकळी जागा स्वतंत्र आकार म्हणून काढली तर हाताची जागा आपोआप तपासली जाते. पाय किंवा हात थेट चित्रकाराच्या दिशेने आलेला असेल, तर डोळ्याला दिसणारे आखूड माप मनाला पटत नाही आणि तो लांब काढला जातो. याला सरावावाचून दुसरा उपाय नाही.

प्रमाण : पाश्चात्त्य अभ्यासात पूर्ण उंची साडेसात ते आठ मस्तकांची धरतात. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शश असे पाच प्रकार येतात. हंसाची उंची १०८ अंगुळे, शशाची ९०. चेहरा १२ अंगुळांचा धरला की हंस नऊ चेहऱ्यांचा, म्हणजे नवताल होतो. दोन्ही मोजण्यांची तुलना करताना गोंधळ होतो, कारण एक डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत मोजते आणि दुसरी नुसता चेहरा मोजते. मुळात दोन्ही आदर्श आहेत. समोरचा मॉडेल सहसा कोणत्याच कोष्टकात बसत नाही, आणि कोष्टक विसरून त्याला पाहणे हेच या वर्गाचे काम.

मुंबई : मुंबईची कलाशाळा (पुढे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) १८५७ मध्ये सुरू झाली. १८६५ मध्ये आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आकृतिचित्रणाला वजन दिले. त्यांच्या हाताखाली शिकलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र १८९० ते १९३१ हा काळ सांगते. शाळेतल्या दैनंदिन व्यवहाराचे इतके सलग मराठी वर्णन दुसरीकडे क्वचितच सापडते; मराठीतील बहुतेक नोंदी, ही नोंदही, धुरंधरांकडे झुकतात ते यामुळे. त्यांच्या हातात गर्दी काढण्याचे विलक्षण बळ होते. लग्न, बाजार, मिरवणूक या चित्रांत बाजूला उभ्या असलेल्या माणसाचेही पाय जमिनीवर ठाम टेकलेले दिसतात.

१९१९ मध्ये आलेले ग्लॅडस्टन सॉलोमन लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेले होते. त्यांनी नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा नियमित वर्ग आणि जोडीला भित्तिचित्रांचा वर्ग उभा केला. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंती जे. जे.च्या चित्रकारांनी रंगवल्या, त्यामागे ही तयारी होती. कोलकात्यात ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी वेगळी वाट धरली होती. युरोपीय वास्तवदर्शी अभ्यासाने भारतीय दृष्टी झाकोळते, असे त्यांचे म्हणणे. मुंबईच्या बाजूने उत्तर असे की देह नीट कळल्यावरच अलंकरण पेलते. हा वाद दोन्हीकडच्या शिष्यांनी गरजेपेक्षा ताणला. अजिंठ्याची चित्रे पाहिली तर देहाचे ज्ञान आणि रेषेची शैली यांत वैर नाही, हे उघड दिसते.

स्त्री-विद्यार्थी : लंडनच्या रॉयल अकादमीने विद्यार्थिनींना लाइफच्या वर्गात, तेही अंशतः झाकलेल्या मॉडेलसमोर, १८९३ मध्ये प्रवेश दिला. मुंबईत धुरंधरांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनी जे. जे.ची पदविका १९३१ मध्ये मिळवली.

हैदराबाद आणि कोठी : अजिंठा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १८७२ पासून ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत (१९०९–११) नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासोबत हैदराबाद राज्यातील सय्यद अहमद यांनी काम केले. भिंतीवरच्या आकृतीवरून शिकणे ही हैदराबादची आधीपासूनची शाळा होती.

मराठी वाचकाला जवळचे नाव गोपाळ दामोदर देऊसकर (१९११–९४) यांचे. जन्म अहमदनगरचा, आईवडिलांमागे सांभाळ हैदराबादेत काका, चित्रकार रामकृष्ण वामन देऊसकर यांनी केला. गोपाळरावांचे पुढचे शिक्षण सॉलोमन यांच्या काळात जे. जे.मध्ये आणि नंतर लंडनला झाले. (हैदराबादच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख झालेले सुकुमार देऊसकर वेगळे, ही नावे नेहमी एकमेकांत मिसळली जातात.) पुण्यात १९६८ मध्ये उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरातील बालगंधर्वांची दोन चित्रे, एक पुरुषवेशातील आणि एक स्त्रीभूमिकेतील, त्यांचीच. ती शेजारी ठेवून पाहावीत. माणूस एकच, पण मानेची ठेवण, खांद्यांचा उतार आणि कमरेचा झोक बदलला आहे. वस्त्रांखालचा देह ठाऊक असल्याशिवाय हे साधत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते लाइफ क्लासचे मराठी चित्रकलेतील सर्वांत बोलके फलित या दोन चित्रांत आहे.

हैदराबाद राज्यातून जे. जे.ला गेलेले दुसरे महत्त्वाचे नाव पाकाला तिरुमल रेड्डी (पी. टी. रेड्डी, १९१५–९६). करीमनगर जिल्ह्यातील अन्नारमचे रेड्डी मुंबईतून परतून हैदराबादेत स्थिरावले. शहरातल्या कोठी भागापासून जवळच्या नारायणगुड्यात त्यांचे घर. नंतरच्या पिढीतले चित्रकार के. लक्ष्मा गौड मात्र मुंबईला नव्हे, तर हैदराबादच्या कलामहाविद्यालयातून बडोद्याला गेले.

कोठी, सुलतान बाजार, जांबाग, इसामिया बाजार या पट्ट्यात विवेकवर्धिनी आणि मराठी ग्रंथ संग्रहालय यांसारख्या संस्था वाढल्या. त्यांचे बळ भाषा, शिक्षण आणि नाटक यांवर राहिले. उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय कोठीतच असल्याने तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शरीररचनेचे वापरलेले ग्रंथ मिळतात. चित्र शिकणाऱ्याने त्यांतले स्नायूंचे प्रकरण नंतर उघडावे. आधी कातडीखाली थेट जाणवणारी हाडे पाहावीत : गळ्याची खाच, खांद्याचे टोक, कमरेची दोन टोके, गुडघ्याची वाटी, घोटा. माणूस जाड असो वा कृश, या खुणा सापडतात आणि आकृती त्यांवर उभी राहते.

कायदा व वाद : १९५४ मध्ये मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर ‘लव्हर्स’ या चित्रांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले.

मॉडेल : या विषयावरचा रवी जाधव दिग्दर्शित मराठी चित्रपट ‘न्यूड’ २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातील भारतीय विभागातून वगळला गेला आणि २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. मॉडेलकडे सहानुभूतीचा किंवा कुतूहलाचा विषय म्हणून पाहिले जाते. त्यांच्या कौशल्याबद्दल कमी लिहिले जाते. भार एका पायावर ठेवून अर्धा तास स्थिर राहणे, विश्रांतीनंतर तीच मान, तोच मनगटाचा कोन परत आणणे हे शिकून येणारे काम आहे, आणि वर्गाचा दर्जा त्यावर थेट अवलंबून असतो. कलाशाळांनी आपल्या संग्रहातील अभ्यासचित्रांवर, संबंधितांची संमती असेल तिथे, विद्यार्थ्याच्या नावाशेजारी मॉडेलचे नाव आणि बैठकीची तारीख लिहिण्याची पद्धत सुरू करावी.