डर्बीशर : स्थानिक कारभार आणि लोकजीवन

डर्बीशर : इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स विभागातील एक काउंटी. लोकसंख्या डर्बी शहर वगळून सुमारे ७.९५ लाख, शहराची सुमारे २.६१ लाख (२०२१). उत्तर भागात पेनाइन डोंगररांगेचे दक्षिण टोक येते, किंडर स्काउट (६३६ मी.) हे तिथले सर्वोच्च ठिकाण. दक्षिणेला ट्रेंट नदीचे सपाट खोरे आहे. या दोन टोकांमधून डरवेंट नदी वाहते. तिच्या काठी क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू केली. पूर्वेचा पट्टा कोळशाचा होता. खाणी आता बंद आहेत, पण त्यांच्या भोवती वाढलेली गावे आणि त्या गावांचे राजकारण टिकून आहे.

१८८८ च्या कायद्यानुसार १८८९ मध्ये इथे निवडून आलेली काउंटी कौन्सिल आली. आजची घडी मात्र १ एप्रिल १९७४ ची. वर काउंटी कौन्सिल, तिच्याखाली आठ डिस्ट्रिक्ट किंवा बरो कौन्सिले (हाय पीक, डर्बीशर डेल्स, चेस्टरफिल्ड, बोल्सोव्हर, अँबर व्हॅली, एरवॉश, ईशान्य डर्बीशर, दक्षिण डर्बीशर) आणि गावपातळीवर पॅरिश किंवा टाउन कौन्सिले. मराठी वाचकाला यात जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत दिसेल, पण ते साम्य फसवे आहे. इथे जिल्हाधिकारी नाही. राजाचा प्रतिनिधी असलेला लॉर्ड लेफ्टनंट केवळ समारंभापुरता असतो. शिवाय डिस्ट्रिक्ट कौन्सिल काउंटीच्या हाताखाली काम करत नाही. दोघींची कामे कायद्यानेच वेगळी केलेली आहेत. ज्या शहरावरून काउंटीला नाव मिळाले ते डर्बी १९९७ पासून काउंटी कौन्सिलच्या अखत्यारीतच नाही. त्याचा सगळा कारभार त्याचे स्वतःचे कौन्सिल पाहते. काउंटीचे मुख्यालय १९५० च्या दशकात डर्बीहून मॅटलॉकला हलले. जॉन स्मेडली याने एकोणिसाव्या शतकात जलोपचारासाठी उभारलेल्या भव्य इमारतीत ते थाटले गेले. जिथे श्रीमंत रुग्ण थंड पाण्याच्या धारा अंगावर घेत, तिथे अंदाजपत्रके मंजूर होऊ लागली.

कामांची वाटणी नागरिकाला सर्वांत आधी कचऱ्याच्या डब्यापाशी कळते. दारातला डबा डिस्ट्रिक्ट कौन्सिल उचलते, पण आतल्या कचऱ्याची विल्हेवाट काउंटी लावते. रस्त्यावरचा खड्डा काउंटीने बुजवायचा, तोच रस्ता झाडायचा डिस्ट्रिक्टने. आणि खड्डा एम-१ किंवा ए-३८ वर असेल तर तो दोघींचाही नाही, कारण हे रस्ते राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेकडे आहेत. शाळा, ग्रंथालये, जन्ममृत्यूच्या नोंदी, वृद्धांची आणि निराधार मुलांची देखभाल काउंटीकडे. घरे, बांधकाम परवाने, मतदारयाद्या डिस्ट्रिक्टकडे. बसथांब्याचा निवारा, मुलांचे खेळाचे मैदान, भाजीपाला लावायचे भाड्याचे वाफे अशा बाबी बहुधा पॅरिश कौन्सिल पाहते. तिचा कारभार अनेकदा एकच अर्धवेळ क्लार्क सांभाळतो.

डोंगराळ भागात आणखी एक सत्ता आहे. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या हद्दीत माणसे राहतात, शेती करतात, दुकाने चालवतात, पण बांधकामाची परवानगी डिस्ट्रिक्ट कौन्सिल देत नाही. ती उद्यान प्राधिकरण देते, आणि त्याचे कार्यालय बेकवेलला आहे. म्हणून बेकवेलमधल्या माणसाने घर वाढवायचे ठरवले तर अर्ज उद्यानाकडे, कचऱ्याची तक्रार डिस्ट्रिक्टकडे आणि आईच्या घरगुती मदतीची विचारणा काउंटीकडे, अशा तीन दारी त्याला जावे लागते.

कौन्सिल टॅक्सचे बिल डिस्ट्रिक्ट पाठवते, पण त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो. पोलीस, अग्निशमन आणि पॅरिशचे हिस्सेही त्याच कागदावर असतात. घराचा कर ‘ए’ ते ‘एच’ या आठ गटांवरून ठरतो, आणि गट ठरतो १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची किंमत किती असती यावरून. घर गेल्या वर्षी बांधलेले असले तरीही मोजमाप १९९१ चेच. नव्याने मूल्यांकन करून मतदारांचा रोष ओढवून घेण्याचे धैर्य इंग्लंडमधील एकाही सरकारने दाखवलेले नाही.

लहान कौन्सिले किती ताठ उभी राहू शकतात हे क्ले क्रॉस या खाणगावाने दाखवले. १९७२ च्या गृहवित्त कायद्याने कौन्सिलच्या घरांची भाडी वाढवणे बंधनकारक केले. तिथल्या अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या ११ मजूरपक्षीय सदस्यांनी नकार दिला. त्यांच्यावर वैयक्तिक वसुली लादली गेली आणि त्यांना अपात्र ठरवले गेले. १९७४ च्या पुनर्रचनेत ते कौन्सिलच विसर्जित होऊन ईशान्य डर्बीशरमध्ये विलीन झाले. निसर्गापुढे मात्र काउंटीलाही हार मानावी लागली. मॅम टॉर डोंगराखालून जाणारा ए-६२५ रस्ता दरडीबरोबर सतत सरकत होता. वर्षानुवर्षे दुरुस्ती करून अखेर १९७९ मध्ये तो कायमचा बंद झाला. डांबराचे वाकलेले थर आज पर्यटक पाहायला जातात, आणि वाहतूक विनॅट्स या अरुंद, चढाच्या घळीतून होते. जड वाहनांना तिथे मज्जाव आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हेली ब्रिजजवळच्या टॉडब्रूक धरणाचा सांडवा मुसळधार पावसात खचला तेव्हा सुमारे १,५०० लोकांना घरे सोडावी लागली. धरण एका धर्मादाय न्यासाचे, बचाव पोलीस व अग्निशमन दलाचा, आणि भगदाडात खडी टाकायला हवाई दलाचे चिनूक हेलिकॉप्टर.

लोकजीवनात अशा हद्दी क्वचितच आड येतात. अॅशबोर्नमध्ये लेंटच्या उपवासपर्वाच्या तोंडावर, श्रोव्ह ट्यूजडे आणि अॅश वेन्सडे या दोन दिवशी, अख्खे गाव एकच चेंडू खेळते. हेन्मोर ओढ्याच्या कोणत्या बाजूला जन्म झाला यावरून ‘अपर्ड्स’ आणि ‘डाउनर्ड्स’ असे तट पडतात. दोन गोलांमधले अंतर सुमारे तीन मैल असते, आणि दुकानदार आधीच खिडक्यांवर फळ्या ठोकतात. टिसिंग्टन आणि इतर अनेक गावांत विहिरी व झरे सजवतात : ओल्या मातीच्या फळ्यांवर पाकळ्या, बिया, शेवाळ दाबून चित्र उभे करतात. रांगोळीसारखेच तेही काही दिवसांत विरून जाते. टिसिंग्टनची सजावट असेन्शन डेला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला असते. बेकवेलला सोमवारी जनावरांचा बाजार भरतो. स्टिल्टन चीज कायद्याने डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच काउंटींत करता येते.

या काउंटीचे काही धागे भारताशीही जुळतात. परिचारिका म्हणून ख्यातनाम असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कुटुंबाचे ली हर्स्ट हे उन्हाळी घर मॅटलॉकजवळ हॉलोवे येथे आहे. भारतातील खेड्यांच्या स्वच्छतेविषयी त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला होता. बंगालची फाळणी करणारे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनही याच काउंटीतील केडलस्टनचे.

मे २०२४ मध्ये डर्बीशर, डर्बी, नॉटिंगहॅमशर आणि नॉटिंगहॅम यांच्यासाठी ईस्ट मिडलंड्सचा पहिला महापौर निवडला गेला : मजूर पक्षाच्या क्लेअर वॉर्ड. वर्षभरानंतर काउंटी कौन्सिल रिफॉर्म यूके पक्षाने जिंकले. त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने दुपदरी कारभार मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले होते. त्यानुसार काउंटी आणि आठ डिस्ट्रिक्ट कौन्सिलांच्या जागी सर्व कामे एकत्र करणारी नवी कौन्सिले येतील. पॅरिश कौन्सिलांना या योजनेत हात लावलेला नाही.