विजेच्या गिटारचा खर्ज

वाद्यांच्या इतिहासांत उंच स्वरांपेक्षां खोल स्वरांनींच कारागिरांस अधिक छळलें आहे. तार मध्यावर दाबली कीं स्वर एका सप्तकानें वर जातो. हें कोणासही विनासायास साधतें. परंतु तोच स्वर एका सप्तकानें खालीं उतरवावयाचा झाला तर तार लांब, जाड किंवा सैल करावी लागते, आणि ती ऐकूं यावी म्हणून वाद्याची कायाही वाढवावी लागते. पॅरिस येथील व्हिय्योम या नामांकित व्हायोलिनकारानें १८५० च्या सुमारास ‘ऑक्टोबास’ नांवाचें जें प्रचंड वाद्य केलें, तें सुमारें ११ फूट उंच होतें. त्याच्या तारा बोटांनीं दाबणें अशक्य. म्हणून तरफा व पायपट्ट्या योजाव्या लागल्या.

विसाव्या शतकांत वीज हाताशीं आल्यावर ही अडचण संपली, असें वाटणें साहजिक आहे. विजेच्या गिटारींतून अधिक खर्ज कसा काढावा, असें आजचा तरुण वादक विचारतो, तेव्हां त्यास बहुधा एकच उत्तर मिळतें: खर्जाची कळ फिरवा, नाहीं तर अधिक शक्तीचें यंत्र घ्या. हें उत्तर अपुरें कां, हें इतिहासच उत्तम रीतीनें सांगतो, असें आम्हांस वाटतें.

विजेची गिटार मुळांत खर्जासाठीं जन्मलीच नव्हती. वाद्यवृंदांतील पितळी वाद्यांच्या गजरांत गिटारचा कोमल आवाज बुडून जाई. तो वर काढावा, एवढाच तिच्या कर्त्यांचा हेतु होता. जॉर्ज बीचम यानें लोहचुंबक व तारेचें वेटोळें यांच्या योगानें तारेचें कंपन विजेच्या लहरींत उतरविलें, आणि १९३२ सालीं ॲडॉल्फ रिकेनबॅकर याच्या भागीदारींतील कारखान्यांतून तशी गिटार बाजारांत आली. १९३९ सालीं चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यांत आला, व गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीनें गाऊं लागली. एवढ्या कामास त्या वेळचा लाउडस्पीकर पुरेसा होता. राइस व केलॉग या अमेरिकन इंजिनियरांनीं १९२५ सालीं ज्याची उपपत्ति मांडली, त्याचाच तो वंशज. तो लांकडी पेटींत बसवीत आणि पेटीची पाठ बहुधा उघडी ठेवीत. खर्जाचा घात होई तो येथें. कागदी शंकु पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ८२, व त्यांची लाट जवळजवळ १४ फूट लांब. दोन फूट रुंदीच्या पेटीस वळसा घालून मागची लाट पुढच्या लाटेस मिळते, आणि दोघी एकमेकींस खाऊन टाकतात. उंच स्वरांच्या आंखूड लाटांस हा वळसा तितका बाधत नाहीं.

आतां खुद्द खर्जाच्या वाद्याकडे वळूं. सिॲटल येथील पॉल टटमार्क यानें १९३६ च्या सुमारासच पडदे असलेलें, आडवें धरून वाजवावयाचें विजेचें बास-वाद्य विकावयास काढलें होतें. तरीही इतिहासांत मान मिळाला तो कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडर यास. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतः गिटारवादक नव्हे. त्याचा ‘प्रिसिजन बास’ १९५१ सालीं बाहेर आला. एकाचें श्रेय दुसऱ्यास गेलें, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु आमचें मत थोडें निराळें आहे. बासची सर्वांत खालची तार सेकंदास अवघीं ४१ कंपनें करते. तेवढ्याच जोराचा आवाज एका सप्तकानें खालीं हवा असेल, तर शंकूस चौपट अंतर पुढें-मागें हलावें लागतें. वाद्य तयार होऊनही हा भार पेलणारी सामग्री जोंवर सर्वत्र मिळत नाहीं, तोंवर तें एकाकीच राहावयाचें. फेंडरनें पुढच्याच वर्षीं, १९५२ सालीं, पंधरा इंची लाउडस्पीकर असलेला ‘बासमन’ हा खास ध्वनिवर्धक काढला. वाद्य, यंत्र, पेटी व हवा ही एकच सांखळी आहे, हें त्यानें ओळखलें. त्याचें यश आमच्या मतें यांत आहे.

पुढें एक विचित्र गोष्ट घडली. १९५४-५५ च्या सुमारास फेंडरनें त्या एका लाउडस्पीकरच्या जागीं दहा-दहा इंचांचे चार बसविले व पेटीची पाठ उघडी ठेविली. हें खर्जासाठीं केलेलें यंत्र गिटारवादकांनींच उचलून धरलें! लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल याचें ड्रमचें दुकान होतें. १९६२ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं जो पहिला ध्वनिवर्धक बांधला, तो याच बासमनच्या आराखड्यावर. मात्र मार्शलनें बारा इंचांचे चार लाउडस्पीकर निराळ्या पेटींत घालून ती पेटी मागून बंद केली. मागची लाट आंत कोंडली गेली व खर्ज वांचला. ज्या भरदार आवाजानें त्या यंत्राची ख्याति झाली, त्याच्या श्रेयांत पाठीच्या त्या फळीचाही वांटा आहे.

बासवादकांची गरज अँपेग कंपनीनें अधिक जाणली. तिचा संस्थापक एव्हरेट हल स्वतः डबल-बास वाजवीत असे. या कंपनीनें १९६९ सालीं ३०० वॅटचा ध्वनिवर्धक काढला. त्याच्या जोडीस दहा इंचांचे आठ लाउडस्पीकर बंद पेटींत बसविलेले होते. एकच अवाढव्य शंकु घेण्याऐवजीं आठ लहान शंकूंनीं मिळून हवेचा मोठा साठा हालवावा, ही ती युक्ति. तिकडे ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यानें १९६१ सालीं छिद्र ठेवलेल्या पेटीचें गणित मांडलें, आणि सुताराच्या अंदाजानें चालणारें काम शास्त्राच्या कक्षेंत आलें.

परंतु सांखळीचा शेवटचा दुवा श्रोत्याचा कान आहे. बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंतील फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज लहान असतां कान खालच्या स्वरांस फार मंद असतो. आवाज वाढला कीं तोच खर्ज कानांत भरतो. म्हणून घरीं हळू वाजवितांना कळा फिरवून जुळविलेला खर्ज सभागृहांत घुमूं लागतो व सर्व स्वर गढूळ करतो. आणखी एक नवल झेबेक या जर्मन शास्त्रज्ञानें १८४१ सालींच नोंदविलें होतें: मूळ स्वर क्षीण असला, तरी त्याचे उपस्वर कानीं पडले कीं तो स्वर ऐकल्याचा भास होतो. लहान पेटींतून येणारा पुष्कळसा खर्ज या भासाचाच असतो.

या इतिहासाचें तात्पर्य व्यवहारांतही उतरतें. पेटी खुर्चीवरून उतरवून जमिनीवर, भिंतीलगत ठेवावी. पाठ बंद असलेली पेटी पाहावी. मग कळेस हात लावावा. यांतील पहिल्या उपायास तर कांहीं खर्चही नाहीं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट संगतीची आहे. गिटारची खालची तार बासच्या खालच्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर बोलते. दोघीं एकत्र वाजल्या कीं कान त्यांचा एकच भरीव स्वर करतो. ध्वनिमुद्रण करणारे जाणते लोक गिटारचा तळ मुद्दाम कांहींसा छाटतात तो याच कारणानें. तिचा खर्ज अतोनात वाढला तर बासवादकाचें बोलणें कोणास ऐकूं येत नाहीं. एकट्यानें ऐकतां थोडी पातळ वाटणारी गिटार वृंदांत नेमकी बसते, आणि तिला हवा असलेला खर्ज बहुधा शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याच्या वाद्यांत सांपडतो.