करारमुक्त खेळाडू खरोखरच फुकट मिळतो का?

विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये फुटबॉलवर वाद घालणारे क्रिकेटवाल्यांपेक्षा संख्येने कमी असतात. आवाजाने मात्र नाही. वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, नंदाखाल, गास, सांडोर, पापडी या परिसरात या खेळाची आवड जुनी आहे. रात्री उशिरापर्यंत युरोपातील सामने पाहायचे आणि सकाळी गाडीत त्यांचा हिशेब मांडायचा, हा तिथल्या अनेक तरुणांचा परिपाठ. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, पण रेल्वेमार्ग तोच राहिला. त्यामुळे मुंबईचा संघ हाच इथल्या चाहत्यांचा जवळचा संघ, आणि त्याचे अंधेरीचे मैदानही याच मार्गावर.

अशा चाहत्यांच्या वादात एक प्रश्न दर उन्हाळ्यात हमखास येतो. पैसे घेऊन खेळाडू विकणे शहाणपणाचे, की करार संपेपर्यंत त्याला ठेवून घेणे? आणि करार संपल्यावर 'फुकट' मिळालेला खेळाडू घेणे हा खरोखरच फायद्याचा सौदा असतो काय?

२०२४ सालच्या उन्हाळ्याने या प्रश्नाची दोन्ही उदाहरणे एकदम पुढे ठेवली. ४ मे २०२४ रोजी मुंबई सिटीने कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ असे हरवून इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. त्यानंतर काही आठवड्यांतच मधल्या फळीचा कणा असलेला लालेंगमाविया ऊर्फ आपुइया त्याच मोहन बागानकडे गेला. त्याचा करार शिल्लक असल्याने त्याच्यासाठी मुंबईला पैसे मिळाले. कर्णधारपद भूषविलेला राहुल भेके मात्र करार संपल्यामुळे बेंगळुरूला गेला आणि मुंबईच्या हाती काहीच पडले नाही. होर्हे परेरा दियाझ आणि अल्बर्टो नोगेरा हे दोघेही त्याच वाटेने बेंगळुरूला गेले. मात्र हेही लक्षात ठेवले पाहिजे, की भेके २०२१ मध्ये बेंगळुरूहून मुंबईत आला, तोही करारमुक्त म्हणूनच. जे बिनशुल्क आले ते बिनशुल्क गेले. मधल्या तीन वर्षांचा खेळ ही मुंबईची कमाई.

या वादातील शब्दांचा अर्थ प्रथम पाहू. फुटबॉलमध्ये विकला जातो तो खेळाडू नव्हे, तर त्याच्या कराराचा उरलेला काळ. करार चालू असताना दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर जुन्या क्लबला भरपाई द्यावी लागते. हेच हस्तांतरण शुल्क, म्हणजे 'ट्रान्सफर फी'. काही करारांत ही रक्कम आधीच लिहिलेली असते; ती भरली की क्लबला खेळाडू अडवून धरता येत नाही. 'लोन'वर दिलेला खेळाडू ठराविक काळ दुसऱ्या संघाकडून खेळतो. आणि करार संपलेला तो 'फ्री एजंट', करारमुक्त. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे 'फिफा'च्या नियमांनुसार करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी तीन वर्षांचा. कराराचे शेवटचे सहा महिने उरले, की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. म्हणूनच जाणता चाहता वयाआधी कराराची तारीख विचारतो. ज्याच्या कराराचे एकच वर्ष उरले आहे, त्याची किंमत दर महिन्याला उतरत असते.

पैसे मोजून घेतलेला खेळाडू महागच पडतो, असेही नाही. २०२० मध्ये मुंबई सिटीने करारात ठरलेली रक्कम भरून ह्यूगो बुमू याला एफसी गोवाकडून आणले. मंदार राव देसाई, अहमद जाहू आणि मुर्तदा फॉल हेही त्याच सुमारास गोव्याहून मुंबईत आले. त्या २०२०-२१च्या हंगामात मुंबईने साखळीतील अव्वल स्थानाची ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले. पुढच्याच वर्षी बुमू शुल्क घेऊन कोलकात्याला विकला गेला. गोव्याच्या चाहत्यांना ही लूट वाटली असेल तर नवल नाही, पण मुंबईच्या दृष्टीने हा चोख व्यवहार होता.

शुल्काचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. २०१७ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनने नेमारसाठी बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो दिले, तेव्हा जगभर हा आकडा वेडेपणाचा मानला गेला. क्लबच्या ताळेबंदात मात्र अशी रक्कम कराराच्या वर्षांत विभागून दाखवली जाते. पाच वर्षांचा करार धरला, तर दरवर्षी ४ कोटी ४४ लाख. उलट २०२४ मध्ये किलियन एम्बापे त्याच पॅरिसहून रेआल माद्रिदला गेला तो शुल्काविना. परंतु अशा वेळी वाचलेले शुल्क क्लबच्या तिजोरीतच राहते असे नाही. त्याचा मोठा वाटा खेळाडूला करार-स्वाक्षरीची रक्कम व वाढीव वेतन म्हणून, आणि दलालाला त्याचा मोबदला म्हणून जातो. तेव्हा 'फुकट' हा शब्द फक्त जुन्या क्लबपुरता खरा आहे.

करार संपल्यावर मोकळे होण्याचा हा हक्क खेळाडूला सहजासहजी मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये एके काळी करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहत असे. क्लबने नकार दिला, की त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. १९०५ मध्ये आल्फ कॉमन हा एक हजार पौंडांना संडरलंडहून मिडल्सब्रोला गेला, तेव्हा माणसांच्या खरेदी-विक्रीवर तिथे मोठी टीका झाली होती. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसल क्लबविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९६३ मध्ये ही अडवणूक अवाजवी असल्याचा निकाल मिळवला. खरा बदल घडवला तो बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनने. १९९० मध्ये त्याचा लीज क्लबशी असलेला करार संपला होता. फ्रान्समधील डंकर्क क्लबला तो हवा होता, पण शुल्काच्या मुद्द्यावरून लीजने त्याला सोडले नाही. पाच वर्षांच्या लढ्यानंतर १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशात जाताना शुल्क मागता येणार नाही. बोसमनची स्वतःची कारकीर्द तोवर जवळजवळ संपली होती. त्याच्या नावावर पुढच्या पिढ्या श्रीमंत झाल्या.

मुंबईच्या मैदानांवरचा इतिहास निराळाच आहे. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स करंडक आणि हारवूड लीग यांच्या काळात कूपरेजवर उतरणारे बरेच संघ कंपन्यांचे आणि सरकारी आस्थापनांचे असत. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्र, शिवाय मध्य आणि पश्चिम रेल्वे. खेळाडू हा तिथला कर्मचारी असे. संघ बदलणे म्हणजे नोकरी बदलणे. मुंबईच्या उपनगरांतील वा वसईकडील मुलासाठी रेल्वेतील कायम नोकरी ही कोणत्याही शुल्काहून मोठी होती, कारण गुडघा निकामी झाला तरी पगार चालू राही आणि पुढे निवृत्तिवेतनही मिळे. त्या काळी कोलकात्यात संघबदलाच्या दिवसांत खेळाडूंना प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेआड लपवून ठेवले जाई, अशा सुरस कथा सांगितल्या जातात. मुंबईत असे नाट्य कमीच. इथे नेमणूकपत्र मोलाचे.

व्यावसायिक क्लब आले आणि ही सुरक्षितता गेली. महिंद्र युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि मिटला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही त्याच वर्षी मैदानातून गेला. पुणे एफसी आधीच संपला होता, आणि एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. या प्रत्येक वेळी अनेक खेळाडू एका दिवसात 'करारमुक्त' झाले. युरोपातील चाहता ज्याला स्वातंत्र्य म्हणतो, ते महाराष्ट्रातील खेळाडूच्या वाट्याला अनेकदा बेकारी म्हणून आले आहे. २०२५च्या उन्हाळ्यात आयोजनाच्या हक्कांचा प्रश्न अनिर्णित राहून इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे वेतनच स्थगित केले, तेव्हा करार हाती असलेल्यांचीही गत फारशी वेगळी नव्हती.

या दोन टोकांच्या मध्ये लिलावाचाही एक प्रयोग होऊन गेला. जुलै २०१५ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीसाठी १ कोटी २० लाख, तर एफसी पुणे सिटीने युजीनसन लिंगडोसाठी १ कोटी ५ लाख रुपये मोजले. क्रिकेटच्या लिलावाची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे ओळखीचे वाटले. परंतु लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही, आणि संघनिवड हाच तर करारमुक्तीचा गाभा. २०१७ च्या 'ड्राफ्ट'नंतर ही पद्धत मागे पडली आणि खुले करार रुळले.

खुल्या करारांबरोबर तंटेही आले. त्यातील सर्वांत गाजलेला अन्वर अलीचा. दिल्ली एफसीकडून चार वर्षांच्या लोनवर मोहन बागानमध्ये आलेल्या या बचावपटूने २०२४ मध्ये मुदतीपूर्वी करार मोडला आणि तो थेट ईस्ट बंगालमध्ये दाखल झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली, मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि ईस्ट बंगाल व दिल्ली एफसी यांना दोन सत्रे नवे खेळाडू नोंदवण्यास मनाई केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात जाताच तो आदेश मागे घेण्यात आला आणि फेरसुनावणीचा मार्ग धरला गेला. योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात, ४ ऑक्टोबर २०२४ रोजी, युरोपीय न्यायालयाने लसाना दियारा या फ्रेंच खेळाडूच्या प्रकरणात करार मोडणाऱ्यावर आणि त्याच्या नव्या क्लबवर सरसकट जबर बोजा टाकणारे फिफाचे नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले. करार संपल्यावरचे स्वातंत्र्य बोसमनने मिळवले. करार चालू असताना बाहेर पडण्याची किंमत किती, हा आता वादाचा मुद्दा आहे.

या साऱ्या चर्चेत मोठा क्लब आणि मोठा खेळाडू हे दोनच पक्ष दिसतात. तिसरा पक्ष असतो मुलाला बाराव्या वर्षी बूट बांधायला शिकवणारा लहान क्लब. वसई-विरारच्या वाचकाला खरे तर त्याच्याशी अधिक कर्तव्य असायला हवे. २००१ पासून फिफाच्या नियमांत या क्लबसाठी दोन वाटा आहेत. पहिली प्रशिक्षण-भरपाई. खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला, की त्याला १२ ते २१ या वयात घडवणाऱ्या क्लबांना नवा क्लब देणे लागतो. तेवीस वर्षे पूर्ण होणारे वर्ष संपेपर्यंत ही तरतूद लागू असते. दुसरी वाट 'सॉलिडॅरिटी' वाट्याची. आंतरराष्ट्रीय हस्तांतरणात शुल्काचे पाच टक्के वेगळे काढून ते १२ ते २३ या वयातील क्लबांत वाटले जातात. पहिल्या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का, पुढील आठ वर्षांसाठी अर्धा टक्का.

समजा, एखादा मुलगा १२ ते १५ या वयात गावच्या क्लबकडून खेळला आणि पुढे करार चालू असताना दोन कोटी रुपयांच्या शुल्कावर परदेशी क्लबकडे गेला. गावच्या क्लबचा वाटा एक टक्का, म्हणजे दोन लाख रुपये. मैदानाची डागडुजी, जाळ्या, चेंडू, प्रशिक्षकाचे मानधन असा बराच खर्च त्यात भागेल. तोच मुलगा करार संपवून गेला, तर शुल्कच नसल्याने वाटाही शून्य. 'फुकट' सौद्याची किंमत अशी तिसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. दोन भारतीय क्लबांमधील सौद्यात भारतीय प्रशिक्षक-क्लबला हा आंतरराष्ट्रीय वाटा लागू होत नाही. तिथे राष्ट्रीय महासंघाची नियमावली पाहावी लागते, कारण खेळाडू घडवणाऱ्यांना मोबदला देण्याची व्यवस्था प्रत्येक देशाने करावी, असे फिफाचे बंधन आहे.

दोन्ही वाटांवर एकच फाटक आहे, ते नोंदणीचे. २०२२ च्या अखेरीपासून फिफाचे 'क्लिअरिंग हाऊस' या रकमांचा निपटारा करते आणि त्यासाठी खेळाडूचे इलेक्ट्रॉनिक पारपत्र पाहते. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो कोणत्या क्लबकडे होता, आणि हौशी होता की व्यावसायिक, एवढेच त्यात असते. ही माहिती राष्ट्रीय महासंघाकडील नोंदींतून येते. भारतात त्यासाठी केंद्रीय नोंदणी प्रणाली आहे. क्लब जिल्हा वा राज्य संघटनेशी संलग्न नसेल, किंवा मुलाचे नाव त्या हंगामात नोंदवलेलेच नसेल, तर नंतर छायाचित्रे आणि प्रशस्तिपत्रके दाखवून हक्क सिद्ध करणे अवघड जाते. नोंदणी सुरू करण्याचे वयही नियमात स्पष्ट आहे. मुलाला बारा वर्षे पूर्ण होतात ते कॅलेंडर वर्ष.