५७ किलोंचे दोन पैलवान
कुवेतमध्ये शुक्रवारी चहावर ‘श्रेष्ठ कोण’ हा वाद तुम्हीही घातला असेल. मग वजन तरी एकच धरा, ५७ किलो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव: हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२, कांस्य. पाटोद्याचा राहुल आवारे: गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल, २०१८, सुवर्ण.

राहुलची कुस्ती ६ मिनिटांची. खाशाबांची १५ मिनिटांची. त्यातही जपानच्या इशीशी हरल्यावर लगेच सोव्हिएत ममेदबेयोव समोर उभा! नियमानं अर्धा तास विश्रांती मिळायची, पण भांडायला आपला अधिकारीच तिथे नव्हता. प्रवासखर्चासाठी तर प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलेलं.

राहुल चपळ, मॅटवर तयार झालेला. तरी माझं मत खाशाबांना. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ते जाऊन पंधराहून अधिक वर्षं झाली होती.