५५.८८ म्हणजे कमी की जास्त?

माझ्या पीएचडीचा विषय गाईडला पटवून देणं सोपं होतं, आईला समजावणं अजून जमलेलं नाही. जांभूळला घरी आले की जेवणाच्या टेबलावर माझे कागद पसरलेले असतात आणि ती ताटं ठेवायला जागा करता करता एखादा कागद उचलून वाचते. यावेळी तिच्या हातात पुण्याच्या बालेवाडीचा एक निकाल आला. आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा, जुलै २०१३, महिलांची थाळीफेक. पहिली सू शिन्यूए, चीन, ५५.८८ मीटर. दुसरी जियांग फेंगजिंग, तीही चीनची, ५५.७०. तिसरी चायनीज तैपेईची ली वेन-ह्वा, ५५.३२.

आईने विचारलं, "५५ म्हणजे कमी की जास्त?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की याचं एका वाक्यात उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून हा लेख.

आधी अंदाज येऊ द्या. तुम्ही आमच्यासारखे अंबरनाथ-बदलापूरकडचे असाल, तर फलाटावर उभं राहून बघा. लोकलचा एक डबा साधारण वीस-एकवीस मीटरचा. म्हणजे ५५.८८ मीटर म्हणजे तीन डब्यांना थोडं कमी. महिलांच्या थाळीचं वजन एक किलो, साखरेच्या पुड्याएवढं. फेकायचं अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळातून, गिरकी घेऊन, आणि थाळी पडायच्या आत बाहेर पाऊल गेलं तर फाऊल. तुम्ही-आम्ही एक डबा पार केला तरी खूप झालं.

आता त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवते. दिल्ली, राष्ट्रकुल स्पर्धा, ११ ऑक्टोबर २०१०. कृष्णा पूनिया ६१.५१, हरवंत कौर ६०.१६, सीमा अंतिल ५८.४६. तिन्ही पदकं भारताची. १९५८ मध्ये मिल्खा सिंग यांनी कार्डिफला सुवर्ण जिंकल्यावर राष्ट्रकुलच्या अॅथलेटिक्समध्ये भारताला सुवर्ण मिळालं नव्हतं. ती ५२ वर्षांची रांग कृष्णाने मोडली. (महाराष्ट्रात त्याच स्पर्धेतली आपली आठवण वेगळी आहे: नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतचं १० हजार मीटरमधलं कांस्य. तेही विसरू नका.)

आकडे पुन्हा बघा. दिल्लीत तिसऱ्या आलेल्या सीमाची फेकसुद्धा पुण्याच्या सुवर्णापेक्षा अडीच मीटरने लांब आहे. मे २०१२ मध्ये कृष्णाने ६४.७६ फेकली होती, म्हणजे पुण्याच्या विजेतीपेक्षा जवळजवळ नऊ मीटर पुढे. आणि पुण्यात, आपल्याच मैदानावर, पहिल्या तिघींत एकही भारतीय नाव नाही. हे वाचून मलाही पहिल्यांदा चुटपुट लागली होती. पहिल्या वर्षी मी वहीत लिहून ठेवलं होतं, "पुण्याची स्पर्धा हलकी होती." गाईडने त्याखाली लाल पेनने एकच शब्द लिहिला: "कशावरून?"

खरंच, कशावरून? थाळीफेकीचा निकाल वाचताना एक गंमत ध्यानात ठेवावी लागते. १०० मीटर धावण्याच्या निकालात वाऱ्याचा वेग छापतात. पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर विक्रम धरत नाहीत. थाळीफेकीत असा रकानाच नाही. आणि वाऱ्याचा फायदा सगळ्यात जास्त मिळणाऱ्या प्रकारांत थाळी येते! ती पंखासारखी हवेवर तरते, आणि तिला पाठीमागचा नाही तर समोरून तिरका येणारा वारा लागतो. पुरुषांचा १९८६ पासूनचा ७४.०८ चा विश्वविक्रम २०२४ मध्ये मिकोलास अलेक्नाने मोडला तो कुठल्या मोठ्या स्टेडियममध्ये नाही, अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रमोना इथल्या वाऱ्याच्या मैदानावर. बंदिस्त स्टेडियममधलं आणि उघड्या माळावरचं अंतर निकालात शेजारी शेजारी, अगदी सारखं दिसतं.

दुसरी गोष्ट, कोण आलं होतं. ही स्पर्धा खरं तर चेन्नईला व्हायची होती. श्रीलंकेच्या खेळाडूंना येऊ देणार नाही, अशी भूमिका तमिळनाडू सरकारने घेतली आणि शेवटी ती पुण्याला आली. महिनाभराने, ऑगस्टमध्ये, मॉस्कोला जागतिक स्पर्धा होती. चीनची ली यानफेंग २०११ ची जगज्जेती. तिचं नाव पुण्याच्या पहिल्या तिघींत नाही. मोठे देश अशा वेळी आशियाई स्पर्धेला तरुण मुली पाठवतात, हा माझा तर्क आहे, पण सू तेव्हा २१ वर्षांची होती आणि पुढचे कागद या तर्काच्या बाजूने आहेत.

२०१४, इंचॉन, आशियाई खेळ: सुवर्ण सीमा पूनियाला (दिल्लीतली सीमा अंतिल ती हीच), ६१.०३. म्हणजे पुण्यानंतर जेमतेम सव्वा वर्षाने आशियातली अव्वल फेक भारताकडेच. मग २०१६, रिओ ऑलिंपिक: सीमा पात्रता फेरीतच थांबली. आणि अंतिम फेरीत पाचवं नाव कोणाचं? सू शिन्यूए, ६४.३७. बालेवाडीतली तीच मुलगी, तीन वर्षांत साडेआठ मीटर पुढे.

आता तुम्ही म्हणाल, मग निदान क्रमांक तरी पक्के असतात ना? तेही नाही. लंडन २०१२ चं कुठलंही जुनं वर्तमानपत्र काढा, कृष्णा पूनिया सातवी दिसेल. आजच्या यादीत ती सहावी आहे. रौप्य मिळवलेली रशियाची दार्या पिश्चाल्निकोवा उत्तेजकाच्या प्रकरणात बाद झाली आणि मागच्या सगळ्या जणी एकेक पायरी वर सरकल्या. तेव्हा माझ्या तक्त्यात मी आता "क्रमांक" असा एक रकाना ठेवत नाही, दोन ठेवते: त्या दिवशीचा आणि आजचा. आणि तिसरा रिकामा, वाऱ्यासाठी. तो बहुतेक रिकामाच राहणार आहे, पण काढून टाकवत नाही.

आईला हे सगळं सांगून झालं तोवर आमटी निवली होती. ती म्हणाली, "म्हणजे पुण्यात जिंकली तेव्हा ती पोरगी शिकतच होती." मग कागद माझ्या हातात देऊन ताटं वाढायला घेतली. वहीतलं "हलकी होती" हे वाक्य मी त्याच रात्री खोडलं.

पुढच्या वेळी १९२८ च्या ॲम्स्टरडॅमकडे जाऊ. ऑलिंपिकच्या अॅथलेटिक्समधलं बायकांचं पहिलंवहिलं सुवर्ण थाळीफेकीचंच होतं, पोलंडच्या हालिना कोनोपात्स्काचं, ३९.६२ मीटर. त्याच वर्षी ८०० मीटरची शर्यत बायकांना झेपत नाही म्हणून जी काढली, ती १९६० पर्यंत परत आली नाही. थाळी मात्र राहिली. का राहिली, यावर सध्या वाचते आहे.